तीन नंबरचं पिस्तूल

पत्र आलं आणि ठाण्यातल्या अकराही जणांच्या तोंडचं पाणी पळालं. तसं ते ठाणं तरी केवढंसं! दोन खोल्या, एक कोठडी, एक जीप आणि मागच्या अंगाला गजांच्या खिडकीची हत्यारांची खोली. पण पत्र लिहिणाऱ्याला त्याचं काय? त्याने लिहून टाकलं होतं की तीन महिन्यांत ज्याने हत्याराच्या देखभालीचं शिक्षण घेतलं नसेल त्याने हत्यार कमरेला लावायचं नाही, मुख्य कचेरीत जमा करायचं. खाली सही, शिक्का, सगळं जागच्या जागी.

ठाणेदार बाईंनी शहरातल्या शिक्षणसंस्थेला फोन लावला. पलीकडच्याने फी सांगितली. बाईंनी फोनवर हात ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या हवालदारमामांना म्हणाल्या, "मामा, जीपला वर्षभर पेट्रोल लागतं ना, तेवढे पैसे मागतोय हा. अकरा माणसांना तेल लावायला शिकवायचे!"

"तेल लावायला?" मामा हसलेच. "अहो मॅडम, ते मी फुकट शिकवतो की."

आणि यात फुशारकी नव्हती बरं का. एकोणीस वर्षं ती हत्यारांची खोली मामांच्या ताब्यात होती. दर शनिवारी सकाळी अकराच्या अकरा पिस्तुलं टेबलावर मांडायची, वरून पुसायची, मागच्या बाजूने तेलाची धार सोडायची, दोनदा खटखट करायची आणि पुन्हा पुसून ठेवून द्यायची. तेल जीपच्याच डब्यातलं, कारण वेगळ्या तेलाची मागणी वर गेली की वरच राहायची. पिस्तूल पार उघडायचं मात्र नाही. उघडलं, एखादी स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली, तर जाब कोण देणार? वार्षिक तपासणीला वरून साहेब यायचे, पांढरा रुमाल काढायचे, पिस्तुलावरून फिरवायचे, रुमाल पांढराच राहायचा. मग साहेब मामांच्या पाठीवर थाप मारायचे. एकोणीस वर्षं एकोणीस थापा. गोळीबाराच्या सरावाला निघायचं असलं की त्या दिवशी सकाळी मामा दुप्पट तेल घालायचे. आपल्या ठाण्याची वस्तू बाहेर जाताना मळकी जाता कामा नये, हा त्यांचा बाणा.

आता हा सगळा कौतुकाचा भाग झाला. पण मामांच्या उरात एक काटा होता आणि तो सगळ्या ठाण्याला ठाऊक होता. तो काटा म्हणजे त्यांचा जावई.

जावई याच ठाण्यात शिपाई होता. दोन हिवाळ्यांपूर्वी, एका शुक्रवारी पहाटे, रस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर दरोडा पडला. जीपमध्ये जावई आणि त्याचा जोडीदार दोघेच होते. जोडीदार आधी उतरला, जावई चार पावलं मागे. दरोडेखोर बाहेर आला तो हातात बंदूक घेऊनच. जावयाने पिस्तूल काढलं, रोखलं, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे चाप ओढला. नुसतं टक् वाजलं. दुसरं काही सुचायच्या आत समोरून गोळी सुटली आणि जोडीदार तिथल्या तिथे गेला. घरी बायको, दोन पोरी.

जावई सांगत राहिला, "अहो मी ओढला, टक् वाजलं फक्त." पण पिस्तूल तपासायला शहरात गेलं तेव्हा त्यातून दहापैकी दहा गोळ्या उडाल्या. कागदावर आलं: हत्यारात दोष नाही. चौकशीत मामांना विचारलं, तर मामा ताठ उभे राहून म्हणाले, "दर शनिवारी माझ्या हाताने स्वच्छ होतं साहेब." झालं. लोकांना काय, विषयच हवा होता. ठाण्यातल्या लेखनिकाने जावयाचं नाव 'टक्' ठेवलं आणि ते गावभर झालं. पोराने महिन्याभरात नोकरी सोडली आणि एका वजनकाट्यावर ट्रक मोजायला बसला.

सगळ्यात वाईट म्हणजे जोडीदाराला पोहोचवून आल्यावर मामांनी चारचौघांत जावयाला सुनावलं होतं, "स्वतःची भीती माझ्या हत्यारावर ढकलू नकोस." लेक शेजारीच उभी होती. त्या दिवसापासून तिने बापाच्या घराची पायरी चढली नव्हती. आई दर बुधवारी तिच्याकडे जाऊन यायची, मामा कोपऱ्यावर थांबायचे. एकुलती एक लेक हो! तिच्या तोंडून 'बाबा' ऐकायला मामांचा जीव तुटायचा. पण माघार कोण घेणार? आपण खरं तेच बोललो, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

असो. स्वस्तातलं शिक्षण शोधायचं काम अर्थातच मामांच्या गळ्यात पडलं. त्यांनी चौदा फोन केले. एकजण म्हणाला वीस माणसं जमवा, दुसरा म्हणाला राहायची सोय चांगल्या हॉटेलात करा, तिसऱ्याने तर फोनच उचलला नाही. मामांच्या नाकी नऊ आले. शेवटी शेजारच्या गावातल्या ठाण्याचा ड्रायव्हर म्हणाला, "अहो, आमच्याकडे शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई आहेत. सव्वीस वर्षं मोठ्या दलाच्या कारखान्यात पिस्तुलं उघडत होत्या. शिकवायचा परवानाही आहे त्यांच्याकडे. त्यांना विचारा."

मामा जातीने गेले. मिस्त्रीबाई एक मशीन उलटं करून त्याच्या पोटात बघत होत्या. मान वर न करताच त्यांनी सगळं ऐकलं.

"गाडीभाडं, दोन वेळचं जेवण आणि संस्था मागते त्याचा चौथा हिस्सा," त्या म्हणाल्या. "प्रमाणपत्र माझ्या सहीचं चालतं, विचारून घ्या वर. पण एक अट आहे."

"बोला ना."

"मी येईपर्यंत दोन आठवडे पिस्तुलांना कुणी हात लावायचा नाही. पुसायचं नाही, तेलाचा थेंब घालायचा नाही. मला ती जशी असतात तशी बघायची आहेत. पाहुणे येणार म्हणून घर आवरतात तसं आवरून ठेवलंत, तर मी आल्या पावली परत जाईन."

मामांना ते फार जड गेलं. दोन शनिवार कोरडे! पहिल्या शनिवारी ते खोलीत गेले, डब्याला हात लावला, परत ठेवला. बाहेर येऊन दोन कप चहा प्यायले. दुसऱ्या शनिवारी तर त्यांनी किल्लीच मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

सोमवारी सकाळी मिस्त्रीबाई आल्या. अंगावर स्वेटर, गळ्यात चष्मा, हातात पिशवी. थंडी मी म्हणत होती. बाईंनी आल्याआल्या सगळी पिस्तुलं रिकामी करून घेतली, दोघांकडून तपासून घेतली, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलुपात टाकायला लावली. आणि मग म्हणाल्या, "आता ही तासभर खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवा. एकजण पहाऱ्याला बसा."

"बाहेर? या थंडीत?" लेखनिक म्हणाला. "सर्दी होईल त्यांना."

सगळे हसले. बाई नाही हसल्या. "तुम्ही गस्तीला पिस्तूल शेगडीजवळ ठेवून जाता का? मग!"

तासाभराने पिस्तुलं आत आली. बाईंनी पिशवीतून एक साधी पेन्सिल काढली, मागे खोडरबर असलेली. म्हणाल्या, "पिस्तुलात एक पिन असते. चाप ओढला की ती पुढे धावते, काडतुसाच्या बुडावर आदळते, मग गोळी सुटते. पिन जोरात आदळते की नाही ते बघायला शहरातलं यंत्र लागत नाही. पेन्सिल रबराच्या बाजूने नळीत सोडायची, नळी वर धरायची आणि चाप ओढायचा. पिनने ठोसा दिला तर पेन्सिल उडेल. नाही दिला तर नाही उडणार. एवढं सोपं आहे."

पहिलं पिस्तूल मॅडमचं. ठक्! पेन्सिल उडून थेट छताच्या पंख्याला लागली. टाळ्या पडल्या. मामांनी ऐटीत सगळ्यांकडे बघितलं.

दुसरं लेखनिकाचं. पेन्सिल वीतभर उडाली आणि त्याच्याच डोक्यावर पडली. पुन्हा हशा.

तिसरं पिस्तूल एका शिपाई पोरीच्या हातात होतं. जावई गेल्यावर त्याच्या जागी लागलेली, कामाला वाघीण. तिने नळी वर धरली, चाप ओढला.

टक्.

पेन्सिल जागची हलली नाही.

"परत," बाई म्हणाल्या. पोरीने पिस्तुलाच्या वरची सरकती स्लाईड मागे ओढली, पुन्हा चाप ओढला. टक्. पेन्सिल नखभर वर आली आणि खाली बसली.

कुणी कुणाकडे बघेना. त्या पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... मी दोन वर्षं हेच लावून फिरतेय," ती म्हणाली. "परवा त्या कोयतावाल्याच्या अंगावर मी हेच घेऊन गेले होते."

मग बाकीची तपासली. अकरापैकी सात पिस्तुलांनी पेन्सिल उडवली नाही. सात! मॅडम खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. "म्हणजे आम्ही काय, खेळणी घेऊन हिंडत होतो इतकी वर्षं?" त्या म्हणाल्या.

मिस्त्रीबाईंनी तीन नंबरचं पिस्तूल उघडलं. मामांच्या डोळ्यांसमोर एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते आतून उघडं पडलं. बाईंनी पिन जिथून धावते त्या भोकात कापसाची काडी घातली, फिरवली आणि बाहेर काढली. काडीच्या टोकाला काळा, चिकट, गुळासारखा गोळा होता. कापडाचे धागे, धूळ आणि जुनं तेल.

"पिनची वाट कोरडी हवी. ठणठणीत कोरडी," बाई म्हणाल्या. "इथे कुणीतरी प्रेमाने तेल ओतलंय. वर्षानुवर्षं. थंडीत हे गोठतं, पिन त्यात रुतते आणि नुसती टक् करून थांबते."

"पण मग सरावाला कशी चालतात?" मॅडमनी विचारलं. "दर वर्षी चालतात की!"

"सरावाच्या दिवशी सकाळी तेल घालत असतील. ताजं तेल घातलं की हा गोळा सैल होतो. हे बघा." बाईंनी त्या सातांतलंच, काडी न फिरवलेलं दुसरं एक पिस्तूल उचललं, मागून तेलाची धार सोडली, दोनदा खटखट केलं, पेन्सिल घातली आणि चाप ओढला. ठक्! पेन्सिल उडून कपाटावर गेली. "दोन-तीन दिवस अशी उड्या मारेल. चौथ्या-पाचव्या दिवशी परत चिकटेल."

सगळे बघत राहिले. मामा मात्र आता पेन्सिलीकडे बघत नव्हते. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

कारण या अख्ख्या खोलीत एकट्या मामांनाच एक गोष्ट ठाऊक होती. त्या शुक्रवारी जावई परत आला, तेव्हा त्याच्या पिस्तुलाला, याच तीन नंबरच्या पिस्तुलाला, चिखल आणि रक्त लागलेलं होतं. मामांनी ते रिकामं केलं. काडतुसं मोजली, एकही उडालेलं नव्हतं, ती बाकीच्यांत टाकून दिली. आणि मग, देवा रे, मग त्यांनी ते पिस्तूल स्वच्छ पुसलं, मागून तेलाची धार सोडली, दोनदा खटखट केलं आणि तपासणीला पाठवण्यासाठी पाकिटात घातलं. ठाण्याची वस्तू मळकी कशी पाठवायची? दुसऱ्याच दिवशी शहरात ते उडालं, दहापैकी दहा. मामांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. लपवलं असतं तरी बरं, निदान माहीत तरी असतं!

शुक्रवार. तेल घातल्याला सहा दिवस झाले होते. थंडी अशीच होती. पोराने चाप ओढला होता. माणूस मेला होता. आणि आपण त्याला चारचौघांत भेकड म्हटलं होतं.

"मामा, बरं वाटत नाही का?" शिपाई पोरीने विचारलं. मामांनी नुसती मान हलवली आणि ते बाहेर पडले.

बाहेर पडल्यावर मनात नको ते विचारही आले, का खोटं बोला! निवृत्तीला चार महिने उरले होते. मॅडम तेव्हा इथे नव्हत्या. पाकीट मामांनी एकट्यानेच बंद केलं होतं. तोंड उघडलं नाही तर या जन्मी कुणाला कळणार नव्हतं. उघडलं तर पेन्शनवर गदा, वर्तमानपत्रात नाव आणि दोन पोरींच्या आईसमोर उभं राहणं. हे सगळं मोजत मामा चालले होते आणि पाय त्यांना लेकीच्या घराकडे नेत होते.

शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या. दुपारपाळी असल्याने जावई घरीच होता. दार त्यानेच उघडलं आणि सासऱ्यांना बघून तो एक पाऊल मागे सरला. आतून लेक आली. बापाला बघून तिचा चेहरा दगडासारखा झाला, पण तिने दार लावलं नाही. मामांना कुणी बसा म्हटलं नाही. मामांनी उंबऱ्याबाहेर उभ्यानेच सगळं सांगितलं. पेन्सिल, काळा गोळा, तीन नंबर, आणि ते पुसून पाकिटात घातलेलं पिस्तूल. सांगताना एकदाही त्यांनी वर बघितलं नाही.

"तेल माझं होतं," शेवटी ते म्हणाले. "तुझा जोडीदार माझ्या तेलाने गेला. आणि वर मी तुला..."

जावई एक पाऊल पुढे आला. आता हा आपल्या थोबाडीत मारणार, असं मामांना वाटलं. मारावीच, असंही वाटलं.

"मामा," तो हळूच म्हणाला, "म्हणजे मी चाप ओढला होता?"

मामांना काही समजेना. "म्हणजे काय? तूच तर सांगत होतास."

"सांगत होतो. पहिला महिना सांगितलं. मग तो शहरातला कागद आला. दहापैकी दहा." त्याने स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघितलं. "सगळेच म्हणतात तर खरंच असेल, असं वाटायला लागलं. माझं बोटच हललं नसेल. तो टक् आवाज मी मागाहून मनाने रचला असेल. मी हिला पण कबूल करून टाकलं, मामा. म्हटलं, अगं, मी ओढलाच नसेन. मी बघत उभा राहिलो असेन."

मामांनी लेकीकडे बघितलं. तिने मान डोलावली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पोराची नोकरी गेली, नाव गेलं, एवढंच त्यांना माहीत होतं. पोराने स्वतःवरचा विश्वासही गमावला होता, हे त्यांना आज कळत होतं.

"ओढला होतास," मामा म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. वेळेवर ओढला होतास. पिन माझ्या तेलात अडकली."

"अजून एकदा सांगा."

मामांनी अजून एकदा सांगितलं. मग तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडला. लेक त्याच्या शेजारी बसली. मामांना वाटलं आपणही आत जावं, त्याच्या पाठीवरून हात फिरवावा. पण उंबरा ओलांडायची त्यांची छाती होईना.

"आता तिच्या घरी जाऊन सांगायला हवं," जावई जरा वेळाने डोळे पुसत म्हणाला. "जोडीदाराच्या बायकोला. ती मला रस्त्यात बघते आणि पोरींना घेऊन पलीकडे जाते."

"तिला मी सांगतो," मामा म्हणाले. "ते काम माझं आहे."

तेव्हा लेक बोलली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"आधी लिहून द्या, बाबा. ठाण्यात, सगळ्यांसमोर. तोंडी नको. तोंडी काय, उद्या कुणी काहीही म्हणेल."

"देतो."

"तुमची पेन्शन जाईल."

"जाऊ दे."

"मग लिहून दिल्यावर या," ती म्हणाली, आणि तिने दार हळूच लावून घेतलं.

मामा ठाण्यात परतले तेव्हा जेवणं उरकून वर्ग पुन्हा सुरू झाला होता. टेबलावर अकरा पिस्तुलं सुटी होऊन पडली होती आणि माणसं कापसाच्या काड्या काळ्या करत होती. मामा थेट मॅडमसमोर उभे राहिले. मान खाली घालून नाही, ताठ, चौकशीत उभे होते तसेच. त्यांनी सांगितलं. निम्म्यातच सगळ्यांचे हात थांबले. मिस्त्रीबाईंनी चष्मा काढला. लेखनिक तोंडात मारल्यासारखा खाली बघत बसला.

"मला कागद द्या, मॅडम," मामा म्हणाले.

कुणीच हललं नाही, तेव्हा त्यांनी लेखनिकाच्या टेबलावरचा कागद स्वतःच ओढून घेतला. तारीख घातली. आपलं नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं हे सगळं वर लिहायचं असतं ते त्यांनी सोडून दिलं आणि पहिली ओळ लिहिली: 'त्या दिवशी माझ्या जावयाने चाप ओढला होता.'